कविता पत्त्यासह पाठवावी

पडद्याला चुण्या घालताना हात भरलेले असतात आणि डोकं रिकामं असतं. एक चुणी, एक टाचणी. एक चुणी, एक टाचणी. टाचण्या तोंडात धरलेल्या, त्यामुळे बोलायची सोय नाही. मग जे बोलायचं ते आतल्या आत, चुण्यांच्या तालावर. धाकटीच्या सगळ्या गोष्टी अशाच सुचलेल्या. आईला वाटायचं, पोरगी कामात बुडालीय. बुडालेली असायचीच, पण कामाच्या तळाशी आणखी एक गाव होतं आणि ती तिथं पोचलेली असायची.

खाली पडद्यांचं दुकान, वर राहायच्या दोन खोल्या. दुकानात आई मशीनवर, धाकटी कापायच्या टेबलाशी. शिवून झालेले पडदे गिऱ्हाईक येईपर्यंत मागच्या भिंतीला एका लांब दांडीवर लटकत असत. लहानपणी थोरली आणि धाकटी त्या पडद्यांमागं लपायच्या. पडदा बाजूला केला की मागं नुसती भिंत. धाकटीला हे विचित्र वाटायचं. पडदा आहे आणि खिडकी नाही, असं कसं?

‘‘फिरायला गेलीय,’’ थोरली म्हणाली होती. ‘‘सांजेला सगळ्या खिडक्या जातात. तू हाक मार, ती उत्तर देईल.’’

‘‘कशी मारू?’’

‘‘गाण्यात मार. साध्या हाकेला खिडक्या ओ देत नाहीत.’’

मग धाकटी घर व्हायची आणि थोरली खिडकी. घरानं एक ओळ म्हणायची, खिडकीनं यमक जुळवून दुसरी. धाकटीची ओळ मापात असे, थोरलीची नेहमी थोडी लांब, कारण शेवटी ती ‘बरं का’ चिकटवायची. धाकटी चिडायची. ‘‘ताई, ताल मोडतो!’’

‘‘मोडू दे की. पडदासुद्धा मापापेक्षा चार बोटं जास्तच कापतात. तसं माझं ‘बरं का’. बरं का?’’

ओव्यांचं हे खेळणं दोघी मोठ्या झाल्या तरी सुटलं नाही. थोरली घरोघरी खिडक्यांची मापं घ्यायला जायला लागली, धाकटी मागं बसून चुण्या घालायला लागली. एकदा माप घेऊन येताना थोरलीनं एक पातळसं त्रैमासिक आणलं. त्यात फक्त अद्भुत कथा आणि कविता. बोलणारे जिने, चंद्रावरचे पोस्टमन, उलट्या वाहणाऱ्या नद्या. थोरलीला गोष्टींपेक्षाही एक गोष्ट जास्त आवडली. प्रत्येक लेखनाच्या खाली लेखकाचा पूर्ण पत्ता छापलेला होता. घर, मजला, गल्ली, सगळं. संपादकांचं म्हणणं होतं, की माणसं जगाबाहेरचं लिहितात, तेव्हा ती जगात नेमकी कुठं राहतात ते वाचकाला कळलं पाहिजे. शेवटच्या पानावर चौकटीत सूचना असे: साहित्य पूर्ण पत्त्यासह पाठवावे. पत्ता नसलेले साहित्य छापले जाणार नाही.

थोरली पत्ते मोठ्यानं वाचायची. ‘‘तिसरा मजला, पाण्याच्या टाकीसमोर. हिच्या खिडकीला नक्की निळा पडदा असणार. पाण्याकडं बघून बघून निळाच घेतला असणार.’’ आणि मग एकदम गंभीर होऊन, ‘‘एक दिवस आपला पत्ता यात यायला हवा. तू लिही. मी वाचेन. मी कुठंही असले तरी हे वाचेन.’’

‘कुठंही असले तरी’ हे तेव्हा नुसतं बोलण्यात आलं होतं.

पुढं एका नाटकमंडळीचा रंगमंचाचा पडदा शिवायचं काम आलं. माप घ्यायला थोरली गेली आणि परत आली ती डोळ्यांत वेगळाच उजेड घेऊन. मंडळींना पडदे आणि कपडेपट सांभाळायला माणूस हवं होतं. गावोगावचे दौरे होते. थोरलीला जायचं होतं.

‘‘जा,’’ आई म्हणाली. ‘‘पण गेलीस तर या दारात पाऊल ठेवू नकोस.’’

आता आईचं हे वाक्य म्हणजे घरातलं रोजचं. कापडवाल्यानं चुकीचा रंग आणला की त्याला, मांजरानं अस्तरावर ताणून दिली की मांजराला. कापडवाला दर आठवड्याला यायचा आणि मांजर तर अस्तरावरून उठायचंसुद्धा नाही. थोरलीनं मात्र ते मनाला लावून घेतलं. ती गेली तेव्हा मापाची टेप तशीच तिच्या गळ्यात होती.

आईनं पुढचे कित्येक महिने लेकीचं नाव काढलं नाही. टेपचं काढायची. ‘‘चांगली कापडी टेप होती माझी. आकडे पुसले नव्हते. हल्लीच्या टेपा बघा, चार दिवसांत ताणतात.’’ धाकटीला कळायचं, आई कशाबद्दल बोलतेय ते. थोरलीचा फोन लावला तर काही दिवस बंद लागला. मग एका पुरुषानं उचलला. ‘‘अहो ताई, मी नळदुरुस्तीवाला. नंबर मला नवीन मिळालाय. काही गळतंय का?’’

गळत होतं, पण ते त्याच्या कामाचं नव्हतं.

त्यानंतर धाकटी खरी लिहायला लागली, आणि फक्त त्या एका त्रैमासिकासाठी.

तिथं लेखन निवडायची रीत कडक होती. नाव-पत्ता वेगळ्या चिठ्ठीवर लिहायचा. चिठ्ठी कार्यालयात राहायची आणि वाचणाऱ्याच्या हाती नुसते कागद जायचे. तुम्ही कोण, कितवं पुस्तक, कुणाच्या ओळखीचे, काही कळायचं नाही. धाकटीला ही रीत आवडायची आणि तिची भीतीही वाटायची. आपण कुणीच नाही, हे लपवायची गरज नव्हती. आणि कुणीतरी आहोत, हे सांगायची सोयही नव्हती.

नकार येत राहिले. ‘कल्पना चांगली, शेवट घाईत.’ ‘भाषा गोड, थोडी कमी गोड चालेल.’ एकदा नुसतं, ‘पुन्हा पाठवा.’ ते दोन शब्द तिनं टेबलाच्या काचेखाली ठेवले. त्यांच्यावर कापड पसरायचं, कापायचं, कापड उचललं की शब्द पुन्हा दिसायचे.

तिच्या या उद्योगातला एकच सोबती म्हणजे समोरच्या दुकानातला चष्मेवाला. त्याच्या गोष्टी मंगळावर घडायच्या आणि परत यायच्या. नकार आला की रस्ता ओलांडून तो दाखवायला यायचा.

‘‘हे बघ. ‘मंगळावर इतकं ऊन कसं?’ म्हणे. अरे, तू गेलायस का तिथं?’’

‘‘तुम्ही गेलायत?’’

‘‘मी चष्मे विकतो. मला लांबचं दिसतं.’’

आई मशीनवरून म्हणायची, ‘‘दोघांनी मिळून एक दुकान काढा. परत आलेल्या मालाचं. उद्घाटनाचा पडदा मी फुकट शिवून देते.’’

‘खिडक्यांचं गाव’ ही गोष्ट धाकटीनं सगळ्यात शेवटी लिहिली, कारण ती लिहायची तिला भीती होती. त्या गावात सांजेला खिडक्या भिंती सोडून फिरायला जातात आणि दिवा लागायच्या वेळी परत येतात. एका घराची खिडकी येत नाही. शेजारी विटा घेऊन येतात, भोक बुजवा म्हणतात, थंडी येईल, चोर येतील. घर ऐकत नाही. एवढीच गोष्ट. पण मधे घराच्या ओव्या होत्या. हाकेची एक ओळ, आणि तिच्याखाली उत्तराची जागा कोरी. थोरलीनं वाचलं, तर ती कोरी जागा तिला ओळखू येणारच होती. सगळी गोष्ट त्या कोऱ्या जागांसाठी होती. बाकीचं म्हणजे अस्तर.

फोन आला तेव्हा धाकटीच्या तोंडात टाचण्या होत्या.

‘‘संपादक बोलतेय,’’ पलीकडून बाईंचा आवाज आला. थोडा बसका, शाळेत खूप शिकवून झाल्यासारखा. ‘‘तुमची खिडक्यांची गोष्ट आम्ही घेतोय.’’

धाकटीनं टाचण्या ओंजळीत काढल्या. ‘‘घेताय?’’

‘‘घेतोय. मी चिठ्ठी उघडून पत्ता बघितला, तेव्हा कळलं, पडद्यांचं दुकान. मग म्हटलं, बरोबर आहे. एक अट आहे पण. मधल्या ओव्या काढा.’’

मशीनचा आवाज चालूच होता. आई ऐकत नव्हती, म्हणजे ऐकत होती.

‘‘ओव्या का हो?’’

‘‘घर गप्प आहे तोवर वाचक त्याच्याबरोबर वाट बघतो. घर बोलायला लागलं, की वाचक म्हणतो, याचं हे बघून घेईल. ओव्या वाईट नाहीत. जागा चुकलीय. उद्यापर्यंत सांगा, अंक छपाईला चाललाय.’’

चष्मेवाल्याला कळलं तेव्हा तो हातातली चष्म्याची काडी तशीच घेऊन रस्ता ओलांडून आला. ‘‘यात विचार कसला करतेस? काढून टाक! अगं, आधी उंबऱ्याच्या आत पाय पडू दे, मग घरभर नाच. मला म्हणाल्या असत्या ना, मंगळ काढा, तर मी मंगळ काढला असता.’’

‘‘मग गोष्टीत काय उरलं असतं?’’

‘‘माझा पत्ता उरला असता,’’ तो म्हणाला आणि हसला. मग हसणं थांबवून काडी पुसत बसला.

त्या दुपारी धाकटीनं ओव्यांवर चिठोऱ्या ठेवून गोष्ट वाचली. तिला वाटलं होतं, गोष्ट लंगडी होईल आणि आपल्याला नाही म्हणायला कारण मिळेल. तसं झालं नाही. घर गप्प उभं राहिलं, भिंतीतल्या भोकातून वारा आरपार जात राहिला, आणि शेवटाला तिच्या स्वतःच्या अंगावर काटा आला. बाईंचं खरं होतं. गोष्ट सुरेख झाली होती आणि परकी झाली होती. आता ती कुणीही वाचावी अशी होती. जिनं वाचावी म्हणून लिहिली, तिच्यासाठीची खूण तेवढी त्यात उरली नव्हती.

‘‘आई,’’ ती म्हणाली, ‘‘एखादा पडदा सुंदर झाला, पण ज्या खिडकीसाठी केला तिला बसला नाही, तर?’’

आईनं दोरा दातानं तोडला. ‘‘तर दुसरा शिव. पहिला उसवून काय होणारेय?’’

दुसऱ्या दिवशी धाकटीनं बाईंना सांगितलं, काढते. आणि विचारलं, ‘‘ओव्या वेगळ्या पाठवल्या तर? कविता म्हणून?’’

‘‘पाठवा. पण कवितांचं वाचन दुसरीकडं असतं, मी त्यात हात घालत नाही. सगळ्यांसारख्या रांगेत याव्या लागतील.’’

‘‘येतील. त्यांना सवय आहे.’’

गोष्ट छापून आली. खाली पत्ता: पडद्यांचं दुकान, वरचा मजला, गल्लीचं तोंड. आईनं अंक उलटा-सुलटा केला आणि म्हणाली, ‘‘कागद बरा वापरलाय.’’ संध्याकाळी मात्र गिऱ्हाईक असो नसो, अंक टेबलावर अशा जागी ठेवलेला असायचा, की पडद्याचं कापड बघताना कुणालाही तो बाजूला सरकवावा लागेल. आणि सरकवला, की आई म्हणणार, ‘‘ते होय? ते आमच्या धाकटीचं.’’

वाचकांची पत्रं आली. एकानं विचारलं, खिडक्या चालतात तर दारं का नाही? एका आजोबांनी कळवलं, त्यांच्या घराची उत्तरेची खिडकी खरंच हल्ली जागेवर नसते. धाकटी प्रत्येक पाकिटावरचं अक्षर आधी बघायची. थोरलीचं ‘र’ खाली लांब ओढलेलं असे, पडद्याच्या काठाची शिवण सुटल्यासारखं. तसं कुठंच नव्हतं. दुकानाच्या दारावरची घंटी वाजली, की तिची मान उचलली जायची आणि पुन्हा चुण्यांकडं वळायची.

ओव्या रांगेत होत्या. एक अंक गेला, दुसरा गेला. तिसऱ्यात त्या आल्या. पानाच्या मधोमध, घराच्या ओळी, आणि प्रत्येकीखाली कोरी जागा. कुणी जागा भरून काढली नव्हती, बुजवली नव्हती. ते पान बघून धाकटी कितीतरी वेळ तशीच बसली. तिचं पहिलं छापलेलं लेखन म्हणजे गोष्ट, असं लोक म्हणणार होते. पण तिचं तिला ठाऊक होतं, पहिलं हे.

आता फक्त वाट बघणं उरलं होतं. त्या मंडळींचे दौरे कुठं असतील, तिथं हा अंक मिळत असेल का, थोरली अजून वाचत असेल का, की हातात पडदे घेऊन विंगेत उभी असेल आणि अद्भुत म्हणून जे काही लागतं ते तिला रोज समोरच दिसत असेल? धाकटी चुण्या घालायची. एक चुणी, एक हाक. एक चुणी, एक हाक.

पुढच्या अंकाची वेळ जवळ आली तेव्हा बाईंचा फोन आला. या वेळी आवाजात नाराजी होती.

‘‘जरा नाजूक काम आहे. आमच्याकडं एक कविता आलीय. तुमच्या कवितेची सरळ उचल वाटतेय. तुमच्या ओळी जशाच्या तशा घेऊन मधल्या कोऱ्या जागा कुणीतरी भरल्यात. फाडून टाकायच्या आधी तुम्हाला विचारावं म्हटलं. तुम्ही कुणाला तसं करायची परवानगी दिली होती?’’

धाकटीच्या हातातलं कापड टेबलावरून घसरलं. ‘‘वाचता का?’’

‘‘फोनवर?’’

‘‘वाचा ना. एकदा.’’

तिनं फोनचा आवाज मोठा केला आणि तो काचेवर ठेवला. बाई वाचायला लागल्या; आधी कंटाळून, मग सावकाश.

‘‘सांज उतरली बाई, भिंतीला पडलं भोक,
भोक नव्हे ती माझी जागा, तिथंच नजर रोख, बरं का.

दिवा लावला आत, उजेड सांडतो बाहेर,
सांडू दे गं उजेड, तेच माझं माहेर, बरं का.

कुणाच्या गं भिंतीला बसलीस जाऊन,
फिरते गावोगाव, माप तुझं घेऊन, बरं का.’’

मशीन थांबलं. आईचे पाय जागच्या जागी राहिले आणि सुई कापडात अर्धी रुतलेली.

‘‘टेप,’’ आई म्हणाली. इतक्या हळू, की ते फोनला ऐकू गेलं नसेल. ‘‘टेप आहे तिच्याकडं अजून.’’

‘‘शेवटचं कडवं वाचू का?’’ बाईंनी विचारलं.

‘‘वाचा.’’

‘‘विटा आणल्या लोकांनी, मी लावू देत नाही,
नको लावू गं विटा, मी काही दूर नाही, बरं का.’’

दांडीवरचे पडदे पंख्याच्या वाऱ्यानं हलत होते, आणि त्यांच्यामागं नेहमीची भिंत होती.

‘‘हॅलो? आहात का?’’ बाई म्हणाल्या. ‘‘चोरी आहे ना?’’

‘‘नाही,’’ धाकटी म्हणाली. ‘‘उत्तर आहे. ती जागा तिचीच होती. मी धरून ठेवली होती.’’

बाईंनी एक मोठा श्वास घेतला. शाळेत शिकवून झालेली माणसं असा श्वास पोरांचं खरं निघालं की घेतात. ‘‘असं आहे होय. मग तर छापावीशी वाटते. आमचे कविता वाचणारे म्हणत होते, हे ‘बरं का’ सगळीकडं जास्तीचं होतंय, ताल मोडतो, ते काढून...’’

‘‘त्याला हात लावू नका! पाया पडते. तेवढं ठेवा.’’

‘‘बरं, ठेवू. पण मुख्य अडचण वेगळीच आहे. पाकिटात चिठ्ठी नाही. ना नाव, ना पत्ता. पाकिटावर शिक्का आहे, पण पुसट, वाचताच येत नाही; फिरत्या माणसानं वाटेत कुठंतरी पेटीत टाकल्यासारखं वाटतं. कागदाच्या खाली एवढंच लिहिलंय, ‘छापलीत तर मी अंकात बघेन.’ आणि तुम्हाला आमचा नियम माहीत आहे. पत्ता नसेल तर आम्ही छापत नाही. इतक्या वर्षांत एकदाही नाही. मोठ्या मोठ्या कवींना परत पाठवलंय. मी तो मोडू शकत नाही.’’

धाकटीनं काचेखालचे ते दोन शब्द बघितले. पुन्हा पाठवा. थोरलीला पुन्हा पाठवायला कुठं सांगायचं? उत्तर आलं होतं, ते या दुकानात आणि एका फोनमध्ये येऊन थांबलं होतं. अंकात आलं नाही, तर थोरलीला वाटणार, घरानं विटा लावल्या.

‘‘पत्ता आहे,’’ ती म्हणाली.

‘‘तुम्हाला ठाऊक आहे?’’

‘‘आहे. लिहून घ्या.’’

आणि तिनं सांगायला सुरुवात केली. पडद्यांचं दुकान. बाई लिहिता लिहिता थांबल्या. ‘‘अहो, हा तर तुमचा पत्ता.’’

‘‘तिचाही हाच आहे.’’

‘‘त्या राहतात तिथं?’’

धाकटीला खोटं बोलता येईना आणि खरं सांगायला एक शब्द पुरेना. ती आईकडं बघत राहिली. आई मशीनवरून उठली. कमरेवरचे दोऱ्याचे तुकडे झटकत टेबलाशी आली आणि फोनवर वाकली. फोनवर बोलताना आई नेहमीच ओरडायची, पलीकडचं माणूस लांब आहे म्हणून.

‘‘तिचं घर आहे हे!’’ ती म्हणाली. ‘‘आणि अर्धवट छापू नका. नीट लिहा. वरचा मजला. जिना बाहेरून आहे. दार लोटलेलं असतं, ढकललं की उघडतं.’’

‘‘इतकं सगळं पत्त्यात?’’ बाई म्हणाल्या.

‘‘तुम्हीच म्हणता ना, पूर्ण पत्ता पाहिजे म्हणून? हा पूर्ण.’’

पलीकडं पेनचा आवाज येत राहिला. बाईंनी सगळं पुन्हा वाचून दाखवलं. दुकान, मजला, बाहेरचा जिना, लोटलेलं दार. ‘‘आणि नाव काय छापू?’’

आई धाकटीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, ‘‘नाव तिचं ती सांगेल. तेवढी जागा कोरी सोडा.’’

फोन ठेवल्यावर आई पुन्हा मशीनवर बसली, पण पाय काही हलले नाहीत. मांजर अस्तरावर ताणून पडलं होतं. तिनं त्याला काही म्हटलं नाही. धाकटीनं घसरलेलं कापड उचललं, टेबलावर पसरलं आणि नवी टेप हातात घेतली. माप धरलं. खडूची रेघ ओढायच्या आधी थांबली, आणि चार बोटं जास्त सोडून रेघ ओढली.